व्हिएन्नातल्या ईजीयू परिषदेला जाताना: गोषवाऱ्यापासून परतीच्या बिलांपर्यंत

एप्रिलमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला, आठवडाभर, व्हिएन्ना शहरात युरोपियन जिओसायन्सेस युनियनची म्हणजे ईजीयूची महासभा, म्हणजे तिची वार्षिक परिषद, भरते. खडक, भूकंप, पाऊस, नद्या, समुद्र, हिमनद्या, परग्रह यांपैकी कशावरही काम करणारे पंधरा हजारांहून जास्त लोक तिथे येतात. पुण्याची आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामान संस्था), नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था, गोव्यातलं दोना पावलाचं एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था) आणि वास्कोचं एनसीपीओआर (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) इथल्या संशोधकांना ही वाट माहितीची आहे. आता जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयांतून पीएचडी करणारी मुलंमुलीही तिथे गोषवारे, म्हणजे मांडायच्या संशोधनाचे छोटे सारांश, पाठवू लागली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात अजून कुणाचा पासपोर्ट निघालेला नाही. त्यांचं काम चांगलं असतं, पण व्हिसाची फाइल कशी लावायची हे विचारायला शेजारच्या टेबलावर कुणी नसतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. उदाहरण व्हिएन्नाचं घेतलं असलं तरी युरोपातल्या दुसऱ्या परिषदेला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी कॅलेंडर, मग बाकी सगळं

ईजीयूचं चक्र साधारण ठरलेलं असतं. गोषवारा पाठवायची मुदत जानेवारीच्या मध्याला संपते. प्रवासखर्चाला ईजीयूकडूनच मदत हवी असेल तर गोषवारा आणि मदतीचा अर्ज त्याच्या बराच आधी, डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो. तुमचं सादरीकरण कोणत्या दिवशी आणि कोणत्या स्वरूपात आहे, हे मार्चच्या सुमारास स्वीकृतीच्या पत्रातून कळतं. म्हणजे ते पत्र आल्यापासून विमानात बसेपर्यंत जेमतेम सहा-सात आठवडे हातात राहतात. नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळी सुट्टीसाठी युरोपला निघालेल्या कुटुंबांची व्हिसा केंद्रांवर झुंबड उडालेली असते.

त्यामुळे सादरीकरणाच्या दिवसापासून उलट मोजत मागे या. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय १५ दिवसांत व्हावा असा नियम आहे, पण एखाद्या अर्जाची जास्त छाननी करायची ठरली तर ४५ दिवसही लागू शकतात. हे धरून चाललात तर स्वीकृतीचं पत्र हे फाइलमध्ये पडणारं शेवटचं कागदपत्र असायला हवं. बँकेची विवरणपत्रं, संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र, विमा, राहण्याचं आरक्षण हे सगळं फेब्रुवारीअखेर तयार ठेवा आणि व्हिसा केंद्राची भेटीची वेळ मार्चमध्ये मिळेल अशी आधीच घ्या.

पासपोर्ट नसेल तर गोषवारा पाठवायचा विचार मनात आला त्याच आठवड्यात अर्ज करा. पोलीस पडताळणीला गावाकडच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणच्या पत्त्यांमुळे वेळ लागू शकतो. आधीपासून असेल तर उघडून बघा: शेंगेन देशांतून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तो निदान ३ महिने वैध हवा, गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

सगळीकडे नाव एकच

आपल्याकडे नाव लिहायच्या तऱ्हा अनेक. गोषवाऱ्यावर आद्याक्षरं आणि आडनाव, पदवी प्रमाणपत्रावर आधी आडनाव, पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, लग्नानंतर बँकेत वेगळं आडनाव. व्हिसा अधिकाऱ्याला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात, आणि ते एकाच माणसाचे आहेत असं दिसायला हवं. म्हणून ईजीयूच्या संकेतस्थळावर खातं उघडतानाच पासपोर्टमधलं नाव जसंच्या तसं घाला. निमंत्रणपत्र त्याच नावाने निघतं. विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल यांनाही हेच लागू. शोधनिबंधांवर तुम्ही वेगळं नाव वापरत असाल तर व्हिसाच्या पत्रात एका वाक्यात तसं लिहा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर विमानाचं तिकीट काढतानाच अडतं. वेळ असेल तर पासपोर्ट दुरुस्त करून घेणं सगळ्यात बरं.

पैसे

खर्चाचे पाच भाग धरा: गोषवाऱ्याचं शुल्क, नोंदणी, व्हिसा आणि विमा, विमान, तिथलं राहणं-खाणं. गोषवाऱ्याचं शुल्क परत मिळत नाही, तेव्हा सहलेखकांशी आणि मार्गदर्शकांशी बोलूनच ते भरा.

मदतीचे मार्ग आहेत आणि ते मागायला संकोच करू नका. ईजीयूची रोलाँ श्लीख यांच्या नावाची प्रवास मदत तरुण संशोधकांसाठी आहे. भारतात संशोधनाला निधी देणाऱ्या पूर्वीच्या एसईआरबी या सरकारी मंडळाची आंतरराष्ट्रीय प्रवास मदत योजना आता एएनआरएफ या नव्या प्रतिष्ठानाच्या छत्राखाली आली आहे. सीएसआयआरही संशोधक विद्यार्थ्यांना परदेश प्रवासासाठी अनुदान देतं. काही विद्यापीठांचा स्वतःचा छोटा निधी असतो. तो मागायला कुणी येत नाही म्हणून कित्येकदा पडून राहतो, म्हणून संशोधन कक्षात जाऊन विचाराच. एकाच खर्चासाठी दोन ठिकाणी दावा मात्र करू नका. विमान एका योजनेतून, नोंदणी दुसरीकडून अशी वाटणी केलीत तर ती दोन्हीकडे लेखी कळवा.

सरकारी पैशातून तिकीट काढणार असाल तर मंजुरीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. केंद्र सरकारच्या नियमानुसार असं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन अधिकृत एजंटांकडूनच काढावं लागतं. दुसरीकडे स्वस्त मिळालं म्हणून काढलेलं तिकीट पुढे मंजूर होत नाही आणि तो भुर्दंड विद्यार्थ्याच्या खिशावर पडतो. शक्य असेल तर एजंटांच्या त्या दिवशीच्या दरांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कार्डाचं एक. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते ॲपमधून चालू करावे लागतात. नोंदणी शुल्क भरायच्या शेवटच्या रात्री हे लक्षात येऊन उपयोग नाही. सोबत नेण्यासाठी बँकेचं फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो पुरेसे आहेत. व्हिएन्नात कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी छोट्या टपऱ्यांवर आणि काही जुन्या कॉफीघरांत रोख लागते. तिथल्या एटीएमने किंवा दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत भरायचे का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि युरो निवडा. रुपयांतला तो दर नेहमी महाग पडतो.

व्हिसाची फाइल

ऑस्ट्रियाचा दूतावास नवी दिल्लीत आहे, पण अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात द्यायचा असतो. मुंबईत आणि पुण्यात केंद्र आहे. तिथले कर्मचारी कागद, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. व्हिसा द्यायचा की नाही हे ते ठरवत नाहीत, ते दूतावास ठरवतो. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पूर्वी शेंगेन व्हिसासाठी दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावर पुष्कळ गोंधळ असतो. नियम सरळ आहे: जिथे मुख्य काम आहे किंवा सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. व्हिएन्नात सहा रात्री आणि मग प्रागमध्ये दोन असतील तर ऑस्ट्रियाच. दुसऱ्या देशाची भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून तिकडून व्हिसा काढायचा सल्ला एजंट देतात, तो ऐकू नका. सीमेवर प्रश्न विचारले जातात आणि पुढच्या व्हिसावरही त्याची छाया पडते.

फाइलचा गाभा तुमचं स्वतःचं पत्र. एक पान, साधी भाषा: मी कोण, कुठे शिकतो, कशावर संशोधन, ईजीयूमध्ये काय आणि कुठल्या तारखेला मांडणार, खर्च कोण करणार, कुठे राहणार, परत येऊन काय करायचं आहे. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुम्ही परत याल याची खात्री पटते का हेच अधिकारी पाहत असतो. पीएचडी कधी पूर्ण होणार, फेलोशिप कधीपर्यंत आहे, हे संस्थेच्या बोनाफाइड आणि ना हरकत प्रमाणपत्रात स्पष्ट लिहून घ्या. ‘संस्थेची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीने भागत नाही. सुट्टीच्या तारखा, रुजू होण्याची तारीख, खर्चाची जबाबदारी, सहीखाली नाव, हुद्दा आणि फोन हे सगळं असलेलं पत्र मागा. विभागप्रमुखांना मसुदा आपणच टंकून दिला तर काम एका दिवसात होतं.

त्यापाठोपाठ येतात: ईजीयूचं निमंत्रणपत्र, गोषवारा, नोंदणीची पावती, तिकिटाचं आरक्षण, राहण्याचं आरक्षण, बँकेची गेल्या काही महिन्यांची विवरणपत्रं, आयकर विवरण किंवा फेलोशिपचं पत्र, आणि प्रवास विमा. विमा निदान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा आणि आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च धरणारा हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. गल्लीतल्या स्टुडिओत काढलेला पासपोर्ट फोटो याच मापाचा असेल असं नाही, म्हणून माप सांगूनच काढा.

बँकेतल्या शिल्लकीबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम लाख-दीड लाख जमा झालेले दिसले की संशय येतो. वडील किंवा भाऊ पैसे देणार असतील तर ते लपवू नका. त्यांचं पत्र, त्यांचं बँक विवरण आणि नातं दाखवणारा कागद जोडा. शेती हे उत्पन्न असेल तर सातबारा आणि विक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह लावता येतात. शेतकऱ्याच्या घरातून आलोय म्हणून फाइल कच्ची ठरत नाही. उत्पन्न कुठून येतं हे न दाखवणारी फाइल कच्ची ठरते.

व्हिएन्नात कुणा ओळखीच्यांकडे राहणार असाल आणि खर्चाची हमी तेच देणार असतील तर ऑस्ट्रियात त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. त्यांनी तिथल्या पोलीस कार्यालयात जाऊन इलेक्ट्रॉनिक हमीपत्र द्यायचं. त्याचा क्रमांक तुमच्या अर्जात लागतो. नुसतं ईमेलवरचं ‘या, आमच्याकडे राहा’ हे पुरत नाही.

पासपोर्ट परत आला की पाकीट तिथेच उघडा. स्टिकरवरचं नाव, ‘पासून-पर्यंत’च्या तारखा, राहण्याचे दिवस आणि प्रवेशांची संख्या तपासा. तारखांची खिडकी पंधरा-वीस दिवसांची असली तरी राहण्याचे दिवस कमी असू शकतात. दोन्हींत जो आकडा आधी संपेल तो पाळायचा. नकार आला तर कारणाचा छापील कागद मिळतो. तो वाचून नेमकी तीच उणीव भरून पुन्हा अर्ज करता येतो.

विमान आणि मुक्काम

मुंबईहून व्हिएन्नाला आखाती शहरं, इस्तंबूल किंवा फ्रँकफुर्ट-म्युनिक असे पर्याय आहेत. फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर शेंगेनची पासपोर्ट तपासणी तिथेच होते, व्हिएन्नात नाही. त्यातच १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाची नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करतात (व्हिसाधारकांचे बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात), त्यामुळे रांगा लांबतात. युरोपातल्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर मध्ये निदान अडीच-तीन तास ठेवा. आखाती शहर किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर ही तपासणी व्हिएन्नात होते आणि पुढचं विमान चुकायची भीती नसते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तोच मार्ग सुचवतो.

परिषद सोमवारी सुरू होते. शनिवारी पोहोचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं पुढे सरकतात. त्यानंतर व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे चार वाजताच जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात. शरीराला एक रविवार मिळाला तर सोमवारी डोकं चालतं.

परिषदेची जागा म्हणजे ऑस्ट्रिया सेंटर व्हिएन्ना, डॅन्यूब नदीच्या पलीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतींशेजारी. मेट्रोची लाल रंगाची यू-१ मार्गिका आणि काइझरम्यूलन-व्हीआयसी हे स्थानक एवढं लक्षात ठेवा. राहायची जागा शोधताना शहराच्या मध्यापासून अंतर बघत बसू नका, यू-१ पासून अंतर बघा. उत्तरेला काग्रान, मध्ये प्रातरश्टर्न, दक्षिणेला मुख्य रेल्वे स्थानक आणि फाव्होरिटन या भागांतून गाडी न बदलता थेट सभागृहाच्या दारात पोहोचता. ईजीयूच्या आठवड्यात दर चढतात, म्हणून रद्द करता येईल असं आरक्षण जानेवारीतच करून ठेवा. तिघाचौघांनी मिळून स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं तर राहणं आणि खाणं दोन्ही स्वस्त पडतं.

खासगी घरात तीन दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर तीन दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवणं ऑस्ट्रियात कायद्याने बंधनकारक आहे. हॉटेल आणि हॉस्टेल आगमनाचा फॉर्म भरून घेऊन हे स्वतः करतात. मित्राकडे उतरणाऱ्यांनी यजमानाची सही घेऊन ते स्वतः करायचं.

बॅगेत काय जाईल आणि काय नाही

हंगाम आंब्याचा असतो आणि प्रत्येकाला तिथल्या प्राध्यापकांसाठी हापूस न्यावासा वाटतो. नेऊ नका. युरोपीय संघात वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय प्रवाशाला आंबा नेता येत नाही. ताजा कढीपत्ताही नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर हे घरीच ठेवा. बाकरवडी, साधा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, मसाल्याची पाकिटं, कोरडी डाळ-तांदूळ चालतात. भेट द्यायला चिक्की उत्तम, ती मोडत नाही आणि गोऱ्यांनाही आवडते.

एप्रिलमधलं व्हिएन्ना लहरी असतं. दुपारी पंधरा-वीस अंश, पहाटे पाच-सहा, आणि नदीकाठच्या त्या मोकळ्या चौकात वारा बोचतो. एक जड कोट नेण्यापेक्षा दोन-तीन थर आणि वाऱ्या-पावसाचं जाकीट न्या. बूट मात्र पायाला सवयीचे झालेले हवेत, दिवसभर एका दालनातून दुसऱ्यात चालावं लागतं.

तिथली विजेची सॉकेटं दोन गोल पिनांची आहेत, दाब आपल्याप्रमाणेच २३० व्होल्ट. मोबाइलचे बारीक दोन पिनांचे चार्जर बहुधा बसतात, लॅपटॉपची जाड तीन पिनांची पिन बसत नाही. एक ॲडॅप्टर आणि त्याला लावायला घरचा छोटा एक्स्टेंशन बोर्ड नेलात तर एकाच सॉकेटवर सगळं भागतं. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवा. रोजची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

निमंत्रणपत्र, हॉटेल आरक्षण, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत असू द्या. सीमेवरचा अधिकारी मागू शकतो आणि तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असू नये. बँकेचे ओटीपी येत राहावेत म्हणून भारतीय सिमवर रोमिंग चालू करून निघा. इंटरनेटसाठी ई-सिम घेतलं तर स्वस्त पडतं. तुमच्या संस्थेत एड्युरोम (शिक्षणसंस्थांचं जगभर चालणारं सामायिक वायफाय) असेल तर ते घरूनच फोनवर लावून घ्या.

उतरल्यावर

श्वेखाट विमानतळावरून शहरात यायला हिरवी, सगळीकडे जाहिरात असलेली कॅट (सिटी एअरपोर्ट ट्रेन) गाडी सगळ्यांना आधी दिसते. ती वेगवान आहे पण महाग. साधी एस-७ लोकल किंवा रेलजेट गाडी तिच्या निम्म्याहून कमी पैशांत नेते. रेलजेटने सुमारे पंधरा मिनिटांत मुख्य रेल्वे स्थानकावर उतरा, खाली यू-१ धरा, आणि तीच गाडी डॅन्यूब ओलांडून परिषदेच्या जागी जाते. रुळांच्या दुरुस्तीमुळे मार्ग बदलत असतात, म्हणून निघण्याआधी ऑस्ट्रियन रेल्वेच्या ॲपवर त्या दिवसाची गाडी बघा. विमानतळ शहराच्या तिकीट-विभागाबाहेर आहे. शहराचा पास असला तरी तेवढ्या टप्प्याचं वेगळं तिकीट लागतं.

मेट्रो स्थानकांवर तिकीट तपासून आत सोडणारी फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. याचा अर्थ तिकीट लागत नाही असा नाही. साध्या कपड्यांतले तपासनीस मध्येच येतात आणि दंड शंभर युरोंहून जास्त आहे. कागदी तिकीट घेतलं तर स्थानकाच्या तोंडाशी असलेल्या निळ्या यंत्रात ते छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट म्हणजे बिनतिकीट. शहर वाहतुकीच्या वीनमोबिल ॲपवरचं तिकीट घेतलं तर ही काळजी नाही. शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो रात्रभर चालते.

पोस्टर, पिको आणि माणसं

पहिल्यांदा जाणाऱ्याने गोषवारा पाठवताना पोस्टर किंवा पिको (छोटं भाषण आणि मग पडद्यासमोर चर्चा) निवडावं असं माझं ठाम मत आहे. व्याख्यानाची काही मिनिटं संपली की माणसं पुढच्या दालनात पळतात. पोस्टरपाशी मात्र दख्खनच्या बेसाल्टवर किंवा मोसमी पावसावर वीस वर्षं काम केलेला माणूस तुमच्यासमोर दहा मिनिटं उभा राहतो, आणि ती दहा मिनिटं पुढच्या शोधनिबंधाला वळण देऊ शकतात. पिकोमध्ये आधी दोन मिनिटांत सगळ्यांसमोर विषय मांडायचा आणि मग स्पर्शपडद्यासमोर उभं राहून चर्चा करायची. इंग्रजी बोलायची धास्ती असेल तर हा प्रकार सोपा जातो, कारण ती दोन मिनिटं घरी घोटून पाठ करता येतात.

ईजीयूचे पोस्टर फलक आडवे असतात. उभं पोस्टर त्यावर विचित्र दिसतं, म्हणून आडव्या ए-झिरो आकारात मांडा आणि त्या वर्षाच्या सूचनांमधलं माप एकदा ताडून पाहा. कापडावर छापून घेतलं तर घडी करून बॅगेत जातं, नळकांडं सांभाळावं लागत नाही. पीडीएफ फोनमध्ये आणि पेन ड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवा.

कार्यक्रम इतका मोठा असतो की आधी निवड केली नाही तर दिवस नुसता चालण्यात जातो. निघण्यापूर्वीच दिवसाला तीन-चार सत्रं आणि आठवड्याभरात भेटायची पाच-सात माणसं ठरवा. त्यांना आधी चार ओळींचा ईमेल करा: तुमचा अमुक शोधनिबंध मी वापरला, माझं पोस्टर अमुक दिवशी अमुक फलकावर आहे, याल का? बरेच जण येतात. रविवारच्या संध्याकाळच्या स्वागत समारंभाला जा, कुणी ओळखीचं नसलं तरी जा. तिथे एकटे उभे असलेले निम्मे लोक तुमच्यासारखेच पहिल्यांदा आलेले असतात.

खाणं, पाणी आणि रविवार

नळाचं पाणी प्या. व्हिएन्नाला १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी नळवाटे येतं, दुसरी नळवाट १९१० मध्ये झाली, आणि ते पाणी अक्षरशः गोड लागतं. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. जानेवारी २०२५ पासून हे सुरू झालं आहे.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारून खावं लागतं. बटाट्याच्या भाजीत किंवा सूपमध्ये ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. मेन्यूवर पदार्थापुढे अक्षरं असतात ती ॲलर्जीची: ए म्हणजे गहू-ग्लूटेन, सी अंडं, जी दूध, ई शेंगदाणा. त्यांत मांसाचं अक्षर नसतं, म्हणून त्यावरून शाकाहारी ठरवू नका, ‘व्हेगेटारिश?’ असं विचारा. दुपारी नाशमार्क्ट या बाजारात फलाफल मिळतं, त्याच भागात आशियाई किराणा दुकानंही आहेत.

रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात, सणाच्या दिवशीही. १ मे ही तिथेही सुट्टी असते. शनिवारी पोहोचलात तर संध्याकाळी दूध, ब्रेड, फळं घेऊन ठेवा. राहिलंच तर मुख्य रेल्वे स्थानकातलं किंवा प्रातरश्टर्नचं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांना सुटे पैसे लागतात.

एक दुपार मोकळी काढता आली तर निसर्ग-इतिहास संग्रहालयात जा. उल्कांचा तिथला संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी आहे आणि विलेनडॉर्फची व्हीनस ही अश्मयुगातली प्रसिद्ध छोटी स्त्रीमूर्तीही तिथेच आहे. मंगळवारी ते बंद असतं.

अडचण आली तर

तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १४४, पोलिसांना १३३. जीवावरचं नसलेलं दुखणं असेल तर १४५० वर आरोग्य सल्ला मिळतो, आणि रात्री किंवा रविवारी कुठलं औषध दुकान उघडं आहे हे १४५५ वर कळतं. विमा कंपनीचा मदत क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि दवाखान्यात जाण्यापूर्वी, शक्य असेल तर, तिथे फोन करा.

खिसेकापू गर्दीच्या यू-१ मध्ये आणि शहराच्या मध्यावरच्या श्टेफान्सप्लात्झ चौकात असतात. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन केर्न्टनर रिंगवरचा भारतीय दूतावास. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची प्रत ईमेलमध्ये असली तर हे काम पुष्कळ हलकं होतं.

परतल्यावर

दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास जपून आणा, मोबाइलवरचे असतील तर स्क्रीनशॉट काढा. अनुदानाच्या दाव्याला तिकिटाइतकेच ते लागतात. सोबत उपस्थितीचं प्रमाणपत्र, नोंदणीची पावती, व्हिसा शुल्काची पावती आणि कार्डावर त्या दिवशी लागलेला विनिमय दर दाखवणारं विवरण लावा. दावा पहिल्या पंधरवड्यातच द्या. वित्त विभागाच्या शंका येत राहतात आणि कागद ताजे असताना त्यांची उत्तरं देणं सोपं असतं. पोस्टरपाशी ज्यांनी कार्ड दिलं त्यांना पहिल्याच आठवड्यात लिहा, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर किंवा मागितलेली आकृती जोडून.

आणि वापरलेल्या व्हिसाची, बोर्डिंग पासांची, हॉटेलच्या बिलांची एक वेगळी फाइल करून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा आहे की गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळून ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पुढच्या अर्जाच्या वेळी हीच फाइल सगळ्यात वर लावा.